चार बोटांचं नाव

या भानगडीत माझी फक्त हवा होती. बाकी सगळं इतरांचं.

कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वाडी लागते. वाडीच्या तोंडाशी देवीचं देऊळ, आणि रस्ता ओलांडला की माझं पंक्चरचं दुकान. पाटीवर माझं नाव वेगळं आहे, पण सगळे मला माऊली म्हणतात. दुकानात हवेचा कॉम्प्रेसर आहे. शनिवार-रविवारी तो पर्यटकांच्या गाड्यांसाठी चालतो आणि बाकीचे दिवस गावकऱ्यांच्या फुकट हवेसाठी. फुकट हवा देणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. त्यामुळे चैत्रातल्या यात्रेआधी देवळाच्या रेलिंगला रंग द्यायचं ठरलं तेव्हाही मला कुणी विचारलं नाही. दत्तोबाने नुसतं येऊन सांगितलं, की हवेचा पाइप तुझ्याकडून ओढणार.

दत्तोबा देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. पोटापाण्यासाठी तो तुंगार्लीत एका बंगल्याची देखभाल करतो. त्या बंगल्याचं फाटक रंगवायला आकाश आला होता. फाटकापासून हातभर अंतरावर मालकाची पांढरी गाडी उभी, आणि चावी मालकाबरोबर पुण्याला. गाडीवर टाकायला दत्तोबा चादरी शोधत होता, तोवर आकाशचं फाटक रंगवून झालंही, आणि गाडीवर एक शिंतोडा नाही. दत्तोबाने गाडीवरून तळहात फिरवून खात्री केली. फाटकाकडे त्याने नंतर पाहिलं. रंग फवारायची जी बंदूक गाडीवर रंग उडवत नाही ती देवीवरही उडवणार नाही, असा त्याने हिशोब केला, आणि तेवढ्यापुरता तो बरोबरच होता.

आकाश आमच्याच गावचा, खालच्या वस्तीतल्या सरूबाईचा थोरला. सुदुंबऱ्याजवळ एका कंपनीत बरीच वर्षं रंगखात्यात होता. आता स्वतःची बंदूक घेऊन बंगल्यांची फाटकं, जिने, कठडे रंगवतो. त्याच्या बंदुकीला विजेची वायर नाही हे पाहून गावाला आधी वाटलं, हा बॅटरी लपवतोय. मग त्याने समजावलं. दस्त्यात एक बारकी चक्की आहे. हवेच्या जोरावर ती फिरते आणि लागेल तेवढी वीज जागच्या जागी तयार करते. ती वीज रंगाच्या थेंबांना मिळते. रेलिंगला तार बांधून जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडायची, म्हणजे रंग इकडेतिकडे न भटकता लोखंडाकडे ओढला जातो. एका बाजूने मारला तरी वळसा घालून मागच्या बाजूलाही बसतो, त्यामुळे वाया जात नाही. हे त्याने सगळ्या कमिटीसमोर सांगितलं होतं, मी साक्षीला आहे. कमिटीने माना डोलावल्या, कारण तिने त्यातलं 'वाया जात नाही' एवढंच ऐकलं.

आता रेलिंगची गोष्ट सांगतो. सभामंडपाच्या तिन्ही बाजूंनी ते आहे आणि गावाच्या देणग्यांतून उभं राहिलं आहे. देणगी आली म्हणजे नाव आलं. आमच्या देवळात पंख्याच्या पात्यावर नाव आहे, घंटेवर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, चपला ठेवायच्या मांडणीवरही आहे. पण रेलिंग झालं तेव्हाच्या म्हाताऱ्या गुरवाने हट्ट धरला, की नाव लोकांनी वाचायला नसतं, देवीने वाचायला असतं. म्हणून आडव्या पट्ट्यांवर सगळी नावं आतल्या बाजूने लिहिली, देवीकडे तोंड करून. बाहेरून पाहिलं तर रेलिंग कोरं. आतून भावकीवार नावं, कुणाच्या आधी कै., कुणाच्या मागे परिवार. गावातल्या थोरल्या कोंडाजीआबांच्या आज्याचं मधोमध आणि सगळ्यांत ठळक. माझ्या बापाचं तिसऱ्या पट्टीवर, अगदी टोकाला.

आणि एक नाव धोंडाबाईचं.

धोंडाबाई गावची लेक. लग्न होऊन पवन मावळात गेली, नवऱ्याने मुंबईला दुसरं घर केलं तेव्हा परत आली, आणि मग कुठे गेली नाही. आमच्या वयाचे सगळे तिला आत्याच म्हणतो. नागफणीच्या सुळक्याकडे चढायला येणाऱ्या पोरांना रस्त्याच्या कडेला बसून झुणका-भाकर, ताक, करवंदं विकत तिने जन्म काढला. रेलिंगला तिनेही दिलं, स्वतःच्या कष्टाचं. नावं लिहायला आलेला लोणावळ्याचा पेंटर तिच्या नावाशी ब्रश घेऊन अडला आणि विचारू लागला, पुढे काय लिहू. माहेरच्या भावकीत ती बसेना, कारण दिलेली लेक. सासरचं नाव तिला नको होतं. सौ. लिहावं तर कशाच्या जोरावर, आणि सौ. गाळावं तर नवरा जिवंत. कमिटीने बरंच डोकं खाजवलं. शेवटी आत्याच म्हणाली, "पुढं काय न्हाई. तेवढंच लिवा."

तेवढंच लिहिलं. फक्त पट्ट्या संपल्या होत्या, निदान तिला तसं सांगण्यात आलं. रेलिंगच्या फाटकाचा खांब म्हणजे रेल्वेच्या भंगारातला एक खोल चॅनेल आहे, लोखंडी पन्हळीसारखा, उघड्या बाजूने देवीकडे वळलेला. त्यात खालच्या बिजागरीशी कोनाड्यासारखी जागा राहते, चार बोटं रुंद आणि तितकीच खोल. तिथे पिवळ्या रंगात नाव बसवलं. वाचायचं तर गुडघे टेकावे लागतात. आत्याला वाचता येत नाही. नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते पेंटरने तिचा हात धरून दाखवलं होतं. तेव्हापासून दर मंगळवारी ती फाटकाच्या आतल्या पायरीवर बसते, कोनाड्यात हात घालते आणि जाड रंगाच्या अक्षरांवरून बोटं फिरवते. माझं नाव चार बोटं आहे, असं ती सांगते. तसं ते रेशनकार्डावरही आहे आणि मतदार यादीतही आहे, पण तिथे त्याला नवऱ्याचं नाव चिकटलेलं आहे. नुसतं तिचं असं एवढं एकच.

रंगकामाच्या दिवशी आत्या सुदुंबऱ्याला भाचीकडे, सविताकडे, गेली होती. आकाश सकाळीच आला. त्याने सळई ठोकली, तार बांधली, माझ्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडलं, जे मी कधी सोडत नाही, आणि पाइपला गाळणी बसवली. कमिटीने देवीपुढे पडदा लावला. ओला रंग आमच्यात देवीला दाखवत नाहीत, तो वाळेपर्यंत पडदा उघडायचा नसतो. दत्तोबाने आकाशला बजावलं, की बाहेरूनच मार, आतली बाजू चांगली आहे, तिला हात लावायचं कारण नाही. त्याच्या डोक्यात नावं होती, पण नावं हा शब्द काही तो बोलला नाही. गावात तो कुणाला सांगावा लागत नाही. आकाशला मात्र सांगावा लागला असता. त्यांच्या घरांतून देवीला जाणं छप्पन्न साली सुटलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला आकाश त्या रेलिंगच्या आत कधी आलेला नव्हता. त्याला कुणी अडवलं असतं असं नाही. कुणी बोलावलंही नव्हतं.

तर रंग मागे जातो हे दत्तोबाला उमगलं नव्हतं, आणि मागे काय आहे हे आकाशला माहीत नव्हतं. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

काम बघायला अर्थातच गाव जमलं. बंदूक फार आवाज करत नव्हती, माझा कॉम्प्रेसरच जास्त करत होता. चॉकलेटी रंगाचं धुकं निघायचं आणि पट्टीजवळ पोचलं की नाहीसं व्हायचं. आकाशने सगळ्यांना लांब उभं केलं होतं, पण कोंडाजीआबा लांब उभे राहणाऱ्यांतले नाहीत. ते काठी टेकून रेलिंगला खेटून उभे राहिले आणि रंग कसा मारायचा ते आकाशला सांगत राहिले. घरी गेल्यावर सुनेने दाखवलं, की काठीच्या लोखंडी टोपीवर चॉकलेटी रंग चढलाय, आणि तोही पाठीमागून. संध्याकाळी आबांनी ती काठी गावभर दाखवली. आम्ही सगळे हसलो. काठीला मागून बसला तो पट्टीलाही बसला असेल, हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही. शहाणपण आमच्या वाडीत दुसऱ्या दिवशीच्या एसटीने येतं.

दुसऱ्या दिवशी दत्तोबाने पूजेला पडदा सरकवला, आणि थोड्या वेळाने तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. नावं गेली, एवढंच म्हणाला. मी जाऊन पाहिलं. एकेका पट्टीची पाठ गुळगुळीत चॉकलेटी झाली होती, जणू तिथे कधी काही नव्हतंच. रंग इतका सुबक बसला होता की त्याला नावं ठेवायलाही जागा नव्हती. तिसऱ्या पट्टीच्या टोकाशी मी थोडा वेळ थांबलो. बापाच्या नावासाठी जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं मला वाटलं नाही. त्याचं मलाच नवल वाटलं आणि मी जाऊन दुकान उघडलं.

आकाशला बोलावलं. तो रेलिंगच्या बाहेर उभा राहिला, तेव्हा दत्तोबानेच त्याला आत घेतलं. बूट काढून तो पहिल्यांदा आत आला आणि पट्ट्यांच्या मागे काय होतं ते त्याला सांगण्यात आलं. त्याचा चेहरा उतरला. मला सांगायला हवं होतं, असं तो म्हणाला, आणि तू आम्हाला सांगितलं होतंस, असं दत्तोबा म्हणाला, त्यामुळे भांडण तिथे पेटलं नाही. एक जण मात्र मागून पुटपुटला, की यानं मुद्दाम केलं असणार. तो कोण ते मला ठाऊक आहे. त्याच्या गाडीत मी आता हवा भरत नाही.

आकाश म्हणाला, पेंटर आणून सगळी नावं होती तशी लिहून देतो, फक्त कशी होती ते सांगा. इथे खरी चूक झाली. कशी होती ते प्रत्येकाला आठवत होतं, आणि प्रत्येकाला स्वतःचं जरा मोठं आणि जरा वर आठवत होतं. फोटो पुष्कळ होते, पण सगळ्यांत माणसं रेलिंगला पाठ लावून नावांपुढे उभी. ज्याचं नाव शेवटच्या पट्टीवर होतं तो दुसऱ्या पट्टीवर चढला. कोंडाजीआबा मधली जागा सोडेनात, आणि शेजारच्या भावकीला ती मुळात आपलीच होती असं अचानक कळलं. दोन सख्खे भाऊ, बापाच्या नावामागे कुणाचा परिवार लिहायचा, यावरून बोलायचे थांबले. यात्रा तोंडावर आलेली. शेवटी दत्तोबाने सगळ्यांना देवीपुढे बसवलं, भंडारा उचलला आणि शब्द दिला, की इथून पुढे रेलिंगवर कुणाचंच नाव राहणार नाही. लोक लगेच शांत झाले. आपलं नाही याचं दुःख, दुसऱ्याचंही नाही या समाधानात पार विरघळून गेलं.

मंगळवारी आत्या परत आली. नावं गेल्याचं गावातून फोन आल्यावर सविताने तिला सांगितलेलं होतं. ती थेट जाऊन पायरीवर बसली आणि सवयीने कोनाड्यात हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांना नेहमीचीच धूळ आणि कोळ्याचं जाळं लागलेलं होतं. ती बोटांकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा हात घातला आणि या वेळी बराच वेळ काढलाच नाही. दत्तोबा दिव्यात तेल घालत होता. त्याला ती म्हणाली, "दत्तू, माजं हाय की रं."

तिचा तो आवाज मी रस्त्यापलीकडून ऐकला. एवढ्या वर्षांत आत्याला इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं.

दुपारपर्यंत हे कोंडाजीआबांच्या कानावर गेलं. आबांचं म्हणणं सरळ होतं, आणि सरळ होतं म्हणूनच मला त्यांचा राग आला. त्यांच्या आज्याचं नाव गेलं, सगळ्या गावाचं गेलं, मग एकटीचं का राहावं? भंडारा उचलून दिलेला शब्द आहे की नाही? नसेल, तर उद्या पेंटर बोलवा आणि मधली पट्टी आमची. दोघे अबोल भाऊही पुन्हा कुजबुजायला लागले. दत्तोबा कात्रीत सापडला. तिचं नाव ठेवावं तर देवीपुढचा शब्द मोडतो आणि यात्रेत मारामारी होते. पुसावं तर आत्याला तोंड दाखवायचं कसं. त्याने आत्याच्या घरी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. सगळ्यांचं गेलं तर माझंही जाऊ दे, म्हणाली. पण जाताना मी तिथे असणार, एवढंच तिने मागितलं.

तिचं नाव राहावं असं मला वाटत होतं. बापाच्या नावासाठी जे वाटलं नव्हतं ते तिच्या नावासाठी वाटत होतं, आणि तरी मी कमिटीपुढे तोंड उघडलं नाही. हवा देणाऱ्याने हवाच द्यावी, असं मनाशी म्हणत दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्रेसर सुरू केला.

आकाश आत आला. एवढ्याशा कामासाठी या वेळी कुणी पडदा लावला नव्हता. त्याने खांबाला तार बांधली, उकिडवा बसला आणि बंदुकीचं तोंड कोनाड्यावर धरलं. रंग निघाला आणि चॅनेलच्या दोन्ही कडांवर आणि बिजागरीवर जाऊन बसला. आत पोचला नाही. त्याने पुन्हा मारला, जरा जवळून. कडा जाड झाल्या आणि आतलं पिवळं तसंच राहिलं. त्याने मला खूण केली, मी कॉम्प्रेसर बंद करून देवळात आलो, आणि सगळ्यांना ऐकू येईल असं तो म्हणाला, "आत जात न्हाई, भाऊ. कडंला जे लोखंड पहिलं भेटतं त्यालाच रंग बिलगतो. कोपरा उपाशीच ऱ्हातो."

मी देवस्थानच्या पंगतींत कोपऱ्यात बसून जेवलेला माणूस आहे, मला ते लगेच पटलं. पण मला आणखी एक गोष्ट माहीत होती. त्या बंदुकीला मागच्या बाजूला एक बटण आहे. ते बंद केलं की वीज बंद होते आणि ती साधी फवारणीची बंदूक होते, मग रंग हवा तिथे जातो. पहिल्या दिवशी फाटकाच्या कडीकोयंड्याच्या बेचक्यांत आकाशने तसाच मारला होता आणि मी पाइप सरकवत शेजारी उभा होतो. आज त्याने बटणाला बोट लावलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मी पाइप गुंडाळायला घेतला.

कोंडाजीआबा रेलिंगच्या बाहेर उभे होते. ते म्हणाले, मशीन जात नसेल तर ब्रश जाईल. दत्तोबाने ब्रश मागितला. आकाशने डबा उघडला, ब्रश बुडवून काठावर निथळला आणि दांडा दत्तोबाच्या बाजूला केला.

"बंदुकीनं गेली ती नावं माज्या हातनं न कळत गेली," तो म्हणाला. "हे कळून पुसायचंय, भाऊ. ह्याला हात तुमचा लागंल."

दत्तोबाने ब्रश आधी आबांपुढे धरला. आबा म्हणाले, मला वाकवत नाही. मग त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. एकाचे गुडघे दुखत होते, एकाचे कपडे पांढरे होते, एकाला त्याच क्षणी फोन आला. माझ्याकडे पाहिलं तेव्हा कॉम्प्रेसरकडे बघायला हवं असं मी म्हणालो. कॉम्प्रेसर बंद होता. सगळ्या गावाची नावं पुसली गेली तेव्हा त्यात कुणाचाच हात नव्हता, म्हणून सगळ्यांना ते सोसलं. हे एक नाव हाताने पुसायचं म्हटल्यावर कुणालाच हात सापडेना.

दत्तोबा आत जाऊन खांबापाशी बसला. त्याचा चष्मा तुंगार्लीला बंगल्यावर राहिला होता. कोनाड्यात अंधार, कोपऱ्यांत वर्षांची धूळ, पिवळा रंग विटलेला. त्याने डोळे बारीक करून पाहिलं, ब्रश आत नेला, बाहेर काढला. कुठे आहे ते त्याला दिसेना. त्याने तसं पुटपुटत विचारलं, बहुतेक स्वतःलाच.

आत्या पायरीवरून सरकली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने कोनाड्यात हात घातला आणि चार बोटं जोडून नावावर ठेवली, अगदी नेमकी.

"हितनं हितवर," ती म्हणाली.

दत्तोबा ब्रश धरून बसून राहिला. "बोटं काढ, आत्या."

"काढली तर तुला घावायचं न्हाई," ती म्हणाली. "तू मार. बोटांवर बसलं तरी चालंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो, टोमणा असता तर मला कळला असता. तिला खरंच वाटत होतं, की भाच्याला दिसत नाहीये आणि त्याला मदत करायला हवी. मी देवीकडे बघायला लागलो.

दत्तोबाने ब्रश आत घातला. बोटांच्या वरच्या बाजूने त्याने रंग ओढला, मग डाव्या कडेने, मग खालून, मग उजवीकडून, खिडकीच्या काचेला लागू नये म्हणून चौकट रंगवताना हात जसा जपून चालवतात तसा. रंग आत्याच्या नखांना लागला. बोटांच्या खाली त्याने ब्रश नेला नाही. मग त्याने ब्रश बाहेर काढला आणि डब्यात ठेवला.

बाहेरून आबांनी विचारलं, झालं का.

"झालं," दत्तोबा म्हणाला. समोर देवी होती आणि मध्ये पडदा नव्हता. भंडारा उचलणाऱ्या माणसाने तो शब्द तिच्या देखत उच्चारला आणि मान खाली घातली.

आबांनी काठी रेलिंगला टेकली, मान थोडी तिरकी केली आणि कोनाड्याच्या बाजूला पाहिलं. तिथून काही दिसत नाही, वाकावं लागतं. आबा वाकले नाहीत. वाकवत नाही असं ते म्हणाले होते खरे, पण आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या दुकानात वाकून स्वतःच्या चपलेतला खिळा उपटला होता. ते म्हणाले, झालं तर मग, चला. त्यांच्या मागोमाग सगळे गेले.

आत्याने हात बाहेर काढला. बोटांच्या कडांना चॉकलेटी रंग लागला होता आणि आतून, जिथे बोटं नावाला टेकली होती तिथे, नुसती धूळ होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. सगळं संपलं असं समजून ती हाताकडे बघत होती. आकाशने थिनरचं फडकं तिच्यापुढे धरलं आणि मग, डबा उचलायला म्हणून वाकला, तो तसाच गुडघ्यांवर बसला. त्याने कोनाड्यात पाहिलं. शाळेत हजेरी घेतात तशा साध्या आवाजात त्याने वाचलं, "धोंडाबाई."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग दत्तोबाकडे. दत्तोबा डब्याचं झाकण बसवत होता, आणि ते त्याला बसवता येत नव्हतं.

"व्हय," आत्या म्हणाली.

मग तिने आकाशला विचारलं, वाळायला किती वेळ लागेल. संध्याकाळ होईल, तोवर हात लावू नका मावशी, असं तो म्हणाला. तिने मान हलवली, पायरीवर परत जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून संध्याकाळ व्हायची वाट बघू लागली.